ऊन पाणी घाटाखाली, बिऱ्हाड घाटावर

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत गरम पाण्याच्या झऱ्यांची एक लांबलचक रांग आहे. पालघरजवळच्या कोकणेरपासून ती सुरू होते आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला राजापूरजवळ संपते. सातिवली, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोलीकडचे उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे अशी ही गावे. त्यांतल्या कित्येकांची ओळख नावातच आहे. घाटमाथ्यावर मात्र ही रांग चढत नाही. आंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या आंदर मावळात, म्हणजे टाकवे, वडेश्वर, खांडी, सावळे, कुसूर या पट्ट्यात, झरे आणि ओढे भरपूर आहेत, पण ते सगळे थंड पाण्याचे. मावळातल्या माणसाला कुंडात स्नान करायचे तर घाट उतरावाच लागे.

या झऱ्यांचा ज्वालामुखीशी आज संबंध नाही. दख्खनचा बसाल्ट तयार होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली, त्याची आच केव्हाच निवली. पावसाचे पाणी खडकातल्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोकणात अशा भेगा किनाऱ्याला साधारण समांतर जातात, म्हणून झरेही एका ओळीत आहेत. पाण्याची उष्णता जागोजागी वेगळी. उन्हेऱ्याचे पाणी चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे अंगाला सोसेल असे, तुरळचे साठाच्या घरात, तर उन्हवऱ्याचे सत्तरच्या जवळ. तिथे थेट उतरणे शक्य नाही. पाणी बाहेर काढून, निववून मगच अंगावर घ्यावे लागते. बहुतेक ठिकाणी गंधकाचा वास येतो आणि तळातून बुडबुडे येत राहतात.

जपानमध्येही गरम पाण्याचे झरे आहेत, तेही हजारोंनी, आणि त्यांतले कितीतरी समुद्राकाठी. तिथे झऱ्याभोवती राहण्याची आणि जेवणाची चोख सोय असलेली पथिकगृहे उभी राहिली. सुटीला समुद्रकाठी जायचे म्हणजे आधी असे एखादे पथिकगृह निवडायचे, हा तिथला रिवाज झाला. कोकणात पाणी तसेच, समुद्रही तसाच, पण झऱ्याशेजारी मुक्कामाचा व्यवसाय फारसा रुजला नाही. तो रुजला घाटावर, लोणावळ्या-खंडाळ्यात, जिथे गरम पाण्याचा एकही झरा नाही. ही फारकत कशी झाली, हे समजून घ्यायचे तर वाटसरूंच्या निवाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

अशा निवाऱ्यांचा एक फार जुना लेखी पुरावा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात एक लांब लेख कोरवून घेतला. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार गावी आपण चौसोपी घरे आणि प्रवाशांसाठी निवारे बांधले, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, असे त्यात नोंदले आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा; तानसा नदीच्या काठचे वज्रेश्वरीचे झरे तिथून फार लांब नाहीत. याच उषवदाताचा एक लेख मावळात, कार्ल्याच्या चैत्यातही आहे. वलूरक, म्हणजे कार्ल्याच्याच लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक हे गाव दान दिले, असे तो लेख सांगतो. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखांत मावळचे नावही 'मामल' या रूपात येते. घाटाखाली निवारा, घाटावर वर्षावास, आणि दोन्हींचा खर्च दानातून. वाटसरूला निवारा देणे हे पुण्यकर्म आहे, त्याचे मोल घ्यायचे नसते, ही समजूत इथे इतकी जुनी आहे. पुढे अठराशे वर्षे ती टिकली.

मधल्या काळात मावळ आणि कोकण यांची ये-जा घाटवाटांनी चालू होती. बोरघाट मोठा, राबता तिथे जास्त. आंदर मावळातून कुसूर घाट कर्जतच्या बाजूला उतरे. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि मासळी वर येई, धान्य खाली जाई. या वाटांवर मुक्कामाची जागा ठरत असे पाण्यावरून: टाके, तळे किंवा बारमाही झरा असेल तिथे तांडा उतरे. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेले मोठे दगडी तळे आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. घाट चढण्याआधी माणसांनी आणि जनावरांनी थांबायचे ठिकाण तेच.

कोकणातल्या गरम झऱ्यांना मराठेशाहीत जे रूप मिळाले ते देवस्थानाचे. वज्रेश्वरी हे त्याचे ठळक उदाहरण. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पाने देवीला नवस केला, 1739 मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि मग टेकडीवर किल्ल्यासारख्या तटाचे देऊळ बांधवले, असा तिथला इतिहास सांगितला जातो. देवळात जाणाऱ्याने आधी अकलोलीच्या कुंडांत स्नान करायचे, मग पायऱ्या चढून दर्शनाला जायचे. कुंडांना राम, लक्ष्मण, सीता अशी नावे पडली आणि पाण्याची मालकी आपोआप देवाकडे गेली. पालीला बल्लाळेश्वर आणि कोस-दीड कोसावर उन्हेऱ्याचे कुंड, कुंडाशेजारी विठ्ठल. बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या त्याच मोहिमेतून आली, असे मानतात. राजापूरला उन्हाळ्याचे गरम कुंड आणि वरच्या टेकडीवर अधूनमधून प्रकटणारी गंगा. चौदा कुंडांत अवचित पाणी येते, काही आठवडे वाहते आणि आटते. गंगा आली की बातमी गावोगाव पोचे आणि माणसांची रीघ लागे. पालीचा सुधागड तालुका तर 1948 पर्यंत भोर संस्थानात, म्हणजे पंतसचिवांच्या अंमलाखाली होता. राजधानी घाटावर आणि कुंड घाटाखाली.

या ठिकाणी येणारा माणूस उतरत असे धर्मशाळेत किंवा क्षेत्रोपाध्यायांच्या घरी. कोकणातली धर्मशाळा म्हणजे बहुधा तीन बाजूंनी भिंती आणि पुढे उघडी ओवरी. भिंतीत कोनाडे, त्यांत पणती ठेवायची. एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल, वर काळवंडलेली भिंत. जमीन शेणाने सारवलेली. तिच्यावर ज्याने त्याने आपली घोंगडी अंथरायची. बाहेर बैल बांधायला खुंट. भांडी नाहीत, अंथरूण नाही, दारही नाही, आणि भाडेही नाही. शिधा प्रत्येकाने घरून आणायचा: तांदूळ, डाळ, तिखट-मीठ, गुळाचा खडा. लाकूडफाटा गावातून मिळे. सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना आणि खरजेने पिडलेल्यांना घेऊन आलेली कुटुंबे अशा ओवरीत चार-आठ दिवसही काढत. ज्यांचे उपाध्ये गावात असत त्यांना पानावर जेवण मिळे, पण त्याचा दर ठरलेला नसे. जाताना दक्षिणा ठेवायची, ती ऐपतीप्रमाणे. पैसे घेऊन शिजवलेले अन्न विकणे म्हणजे अन्नविक्रय, आणि तो पाप मानलेला. कोणाच्या हातचे कोणी खायचे याचे जातीचे नियम त्याहून कडक. एकाच स्वयंपाकघरातून सगळ्यांना वाढणारी खानावळ अशा समाजात उभी राहणे कठीणच होते.

त्यामुळे कोठे उतरावे हा प्रश्नही तेव्हा फारसा उठत नसे. कुंड कोणते ते कुलदैवतावरून किंवा नवसावरून ठरे, घर कोणते ते उपाध्यायांच्या वहीवरून, आणि ज्याला उपाध्ये नाहीत त्याला ओवरी होतीच.

जपानमधली सुरुवात याहून फार वेगळी नव्हती, आणि तुलना इथेच सर्वांत उद्बोधक आहे. एदो काळात, म्हणजे 17व्या शतकापासून 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत, तिथल्या सामान्य माणसाला मनाला येईल तसा प्रवास करता येत नसे, परवाना लागे. तीर्थयात्रा आणि औषधी स्नान ही परवाना मिळण्याची दोन मान्य कारणे होती. औषधी स्नानाला 'तोजी' म्हणत. सात दिवसांचा एक फेरा धरत आणि दुखणे जुने असेल तर दोन-तीन फेरे करत. हे पाहुणेही तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनची मिसो बरोबर घेऊन येत, पथिकगृहातल्या चुलीवर स्वतः रांधून खात. स्वस्त उतारशाळेत घरधनी पैसे घेई ते मुख्यतः जळणाचे. पालीच्या किंवा वज्रेश्वरीच्या धर्मशाळेतला माणूस तिथे गेला असता तर त्याला फारसे परके वाटले नसते.

फरक पडला तो जळणाच्या त्या पैशांपासून. रक्कम क्षुल्लक असली तरी मोल घेणे तिथे निषिद्ध नव्हते. मोल आले तशी घरांमध्ये चढाओढ आली आणि चढाओढ आल्यावर निवडीचा प्रश्न आला. 1804 मध्ये ओसाकाच्या व्यापाऱ्यांनी भरवशाच्या पथिकगृहांचा एक संघ काढला. नाव नानिवा-को. संघाचे सभासद असलेल्या घरांवर ठराविक पाटी टांगलेली असे. प्रवाशाने ती पाहून आत शिरावे, तिथे जुगार, वेश्या आणि दारूचा गोंधळ नसेल, अशी ती हमी. 1810 मध्ये यासुमी रोआन याने प्रवाशांसाठी एक हातपुस्तक छापले. त्यात एकसष्ट सूचना आहेत. पथिकगृहात शिरल्यावर दिशा, घराची रचना आणि बाहेर पडायची दारे आधी पाहून ठेवावीत, हे त्यात आहे, आणि देशभरच्या गरम झऱ्यांची यादीही आहे. याच काळात सुमो पैलवानांच्या क्रमवारीसारखे छापील तक्ते निघाले, झऱ्यांचे गुण लावून पूर्वेत कुसात्सू पहिले, पश्चिमेत अरिमा पहिले, असे ठरवणारे. गावे हे तक्ते मनावर घेत, कारण पाहुणा त्यावरून येई किंवा न येई. मराठी मुलुखात याच सुमारास दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. तीर्थमाहात्म्यांची इथे उणीव नव्हती, पण कोणत्या गावी उतरण्याची सोय चांगली हे सांगणारे पुस्तक कोणी लिहिले नाही. लिहिण्याचे कारणच नव्हते. ज्याचे मोल द्यायचे नाही त्याची पारख कोण करील?

समुद्राकाठच्या आतामीची गोष्ट या बाबतीत सांगण्यासारखी आहे. जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएयासू 1604 मध्ये तिथे स्नानाला गेला, आणि पुढच्या शोगुनांनी आतामीचे गरम पाणी पिंपांत भरून एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या किल्ल्यात मागवायला सुरुवात केली. राज्यकर्त्यांचा मान झऱ्याला कोकणातही मिळाला होता, चिमाजी आप्पाच्या देवळाच्या रूपाने. पण वज्रेश्वरीला त्या मानाने देवीचे स्थान मोठे झाले, आतामीला पथिकगृहांचा धंदा वाढला.

इंग्रजी अमलात कोकणच्या झऱ्यांची पद्धतशीर नोंद झाली. मुंबई गॅझेटियरचे रत्नागिरी (1880), ठाणे (1882) आणि कुलाबा (1883) हे खंड प्रत्येक कुंडाचे ठिकाण, बांधकाम, यात्रेचे दिवस आणि स्थानिक समजुती टिपतात. त्या काळचा युरोप स्वतः गरम झऱ्यांच्या गावांनी वेडा झालेला होता; आरोग्यासाठी झऱ्याकाठी महिना काढणे ही तिथल्या श्रीमंतांची रीत होती. जपानमध्ये नोकरीला असलेल्या एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरने कुसात्सूच्या पाण्याचे गुण जगाला सांगितले. कोकणात असे कोणी केले नाही, आणि त्याचे कारण हवेत आहे. इंग्रजाला मुंबईच्या उकाड्यातून सुटका हवी होती. दमट किनाऱ्यावर चाळीस अंशांच्या पाण्यात बसण्याची कल्पना त्याला सुखाची वाटणे शक्य नव्हते. तो थंडाव्याकडे, म्हणजे वर गेला. ह्यू मॅलेटने 1850 मध्ये माथेरान शोधले, त्याआधीच महाबळेश्वर वसले होते, आणि बोरघाटाच्या माथ्यावर खंडाळा आणि लोणावळा होतेच.

घाटाची वाट सुधारत गेली तसा मुक्काम वर सरकत गेला. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता 1830 मध्ये खुला झाला. रेल्वे 1856 मध्ये मुंबईकडून खोपोलीपर्यंत आली, 1858 मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत, आणि मधला घाट तेवढा राहिला. पाच वर्षे उतारू खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरत. या तुटक प्रवासाने दोन्ही टोकांना थांबण्याची गरज निर्माण केली. 1863 मध्ये घाटातली रेल्वे सुरू झाल्यावर खोपोलीची ती गरज संपली. खंडाळ्याची आणि लोणावळ्याची वाढली. साहेबांसाठी मुसाफिरी बंगले आले, मग मुंबईच्या पारशी आणि गुजराती शेटांचे बंगले, मग वेगवेगळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी बांधलेली आरोग्यभुवने. मुंबईत त्यांना सॅनिटोरियम म्हणत आणि मावळात तोच शब्द रूढ झाला. खोल्या मोजक्या, भाडे नाममात्र, स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. धर्मशाळेचे हे नवे, दरवाजे असलेले रूप होते. त्यांच्या मागोमाग पैसे घेऊन राहू-खाऊ घालणारी हॉटेले उभी राहिली. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि आरोग्यासाठी मावळात येऊन राहणे याला योगाचीही जोड मिळाली.

जपानमध्ये रेल्वेने नेमके उलट केले. आतामीला 1925 मध्ये स्टेशन आले, 1934 मध्ये तान्ना बोगदा उघडला आणि तोक्योहून ओसाकाकडे जाणारा मुख्य मार्गच आतामीवरून जाऊ लागला. महानगरातला माणूस दोनेक तासांत समुद्राकाठच्या गरम पाण्यात उतरू लागला. मुंबईच्या रेल्वेने माणसे समुद्राकडून डोंगरावर नेली. कोकणच्या झऱ्यांकडे ती फिरकलीच नाही. ठाण्याच्या पुढे दक्षिणेला जायचे तर आगबोट किंवा खडखडीत रस्ता. झऱ्यांची गावे बहुधा बंदरापासून आत, नदीच्या किंवा खाडीच्या वरच्या अंगाला होती, म्हणून बोटीने गेलेला माणूसही तिथे सहज पोचत नसे.

याच काळात निवाऱ्याचा दुसरा, अधिक जुना प्रश्न उघड्यावर आला: धर्मशाळेत कोणी उतरायचे आणि कुंडात कोणी उतरायचे? धर्मशाळेला भाडे नव्हते हे खरे, पण ती सर्वांना खुली होती हे खरे नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींना ओवरी बंद होती आणि देवाचे कुंडही बंद होते. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला. सरकारी पैशांतून बांधलेली किंवा चालवलेली सार्वजनिक पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. पाणी आणि मुक्काम एकाच वाक्यात आले, यात त्या काळच्या प्रवासाचे सगळे वास्तव आहे. महाडच्या नगरपालिकेने ठराव मान्य केला, अंमलबजावणी मात्र झाली नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह पाणी घेतले. सवचे गरम कुंड या तळ्यापासून थोड्याच अंतरावर, सावित्रीच्या काठी आहे. तळ्याच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1937 मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. कोकणातल्या मुक्कामाच्या इतिहासात महाडला जागा न देणारे लिखाण अपुरे राहते. मुक्काम निवडण्याचा हक्कच ज्याला नव्हता त्याच्यासाठी हा इतिहास 1927 पासून सुरू होतो.

आंदर मावळात त्याच दशकात वेगळी उलथापालथ झाली. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधले आणि 1922 मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली गेली, आणि जे पाणी पूर्वेला इंद्रायणीकडे जात होते ते नळांतून घाटाखाली कोकणात उतरू लागले. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. आंदर मावळातले विस्थापन त्यामानाने गाजले नाही. आज पर्यटक ज्या जलाशयाच्या काठी तंबू ठोकून राहतात तो हाच. खोऱ्यातल्या मुक्कामाचा अलीकडचा सगळा धंदा या पाण्यावर उभा आहे, हे तिथे उतरणाऱ्याला माहीत असायला हवे.

घाटाखाली विसाव्या शतकात एका झऱ्याचे नशीब पालटले, तेही देवामुळेच. 1930च्या दशकात स्वामी नित्यानंद गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळाशेजारी येऊन राहिले. जंगलातल्या त्या वस्तीला रस्ता, शाळा, दवाखाना मिळत गेला, आणि 1961 मध्ये त्यांनी समाधी घेतली तोवर तिथे मुंबईहून येणाऱ्या भक्तांचा राबता कायमचा झाला होता. गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी या पट्ट्यात भक्तनिवास आले, लॉज आले. कोकणातल्या सगळ्या झऱ्यांमध्ये पथिकगृहांच्या गावाच्या सर्वांत जवळ पोचले ते हेच. पहाटे उठून कुंडावर जाणे आणि मग काकड आरतीला देवळात असणे हा तिथल्या मुक्कामाचा ठरलेला क्रम.

कुंडात उतरण्याचीही एक रीत आहे, ती सगळीकडे जवळपास सारखी. पायरीवर बसून आधी पावले बुडवायची. पहिल्या क्षणी चटका बसतो, मिनिटभरात पाय सरावतात. मग गुडघे, मग कंबर. साबण वापरायचा नाही. बायकांचे आणि पुरुषांचे कुंड वेगळे, किंवा एकच असेल तर वेळ वेगळी. खांद्यापर्यंत पाणी आले की थांबायचे, डोक्यावरून घ्यायचे नाही. गरम पाणी अंगाला बळ देते आणि डोक्यावर घेतले तर केसांना व डोळ्यांना बाधते, असे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितले आहे आणि खेड्यातल्या आज्याही तेच सांगतात. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यायचे, अंग पुसून वाऱ्याला न जाता बसायचे. सांध्यांच्या दुखण्याला ऊन पाण्याने उतार पडतो हे वैद्यकाला मान्य आहे. त्वचेचे जुने रोग गंधकाच्या पाण्याने समूळ जातात, ही समजूत मात्र तपासून घ्यावी अशीच. उघडी जखम असेल त्याने सामाईक कुंडात उतरूच नये.

राज्याचे पर्यटन विकास महामंडळ 1975 मध्ये स्थापन झाले आणि पुढे त्याने निवास-न्याहारी योजना आणली. घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळची न्याहारी द्यायची, दर ठरलेला. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण धावू लागली, आणि आरवली, संगमेश्वर, राजापूर या झऱ्यांच्या गावांच्या नावांची स्टेशने वेळापत्रकात आली. त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या गावांत 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशा पाट्या दिसू लागल्या. दिवेआगरला नोव्हेंबर 1997 मध्ये नारळाच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला, दर्शनाला गर्दी लोटली आणि गावातली घरे पाहुण्यांसाठी उघडली. 2012 मध्ये मूर्ती चोरीला गेली, तरी घरगुती सोय राहिली. उपाध्यायांच्या पडवीत पान वाढणाऱ्या घरांतल्याच लेकी-सुना आता उकडीचे मोदक आणि सोलकढी दर लावून देतात. अन्नविक्रयाची भीती गेली, ही फार मोठी गोष्ट झाली. झऱ्याच्या गावांना मात्र याचा लाभ कमीच मिळाला, कारण पाहुणा वाळूच्या किनाऱ्याला उतरतो आणि कुंडाला जाता-येता तासभर थांबतो.

निवडीसाठी माहिती लागते, आणि माहितीच्या बाबतीत दोन देशांतले अंतर अजून मोठे आहे. जपानने 1948 मध्ये गरम झऱ्यांचा कायदा केला. उगमापाशी पाणी पंचवीस अंश तरी हवे किंवा त्यात ठरवलेल्या द्रव्यांपैकी एखादे ठराविक प्रमाणात हवे, तरच त्याला गरम झरा म्हणता येते. पाण्याचे पृथक्करण आणि ते कोणी टाळावे हे स्नानगृहात लावणे बंधनकारक आहे. 2004 मध्ये शिराहोने येथे पाण्यात रंगाची पूड मिसळल्याचे उघड झाले, देशभर खळबळ झाली आणि पुढच्याच वर्षी नियम कडक झाले: पाणी वेगळे तापवले असेल, त्यात साधे पाणी मिसळले असेल किंवा तेच पाणी गाळून फिरवले असेल, तर तेही लिहायचे. पथिकगृह निवडणारा माणूस एका मुक्कामाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा दर पाहतो, तसाच हा तक्ताही पाहतो. कोकणच्या झऱ्यांची उष्णता आणि क्षार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अनेक वर्षांपूर्वीच मोजले आहेत, पण ते आकडे अहवालांत आहेत. कुंडाच्या भिंतीवर ते क्वचितच दिसतात. ग्रामपंचायतीने एक पत्र्याची पाटी लावली तरी येणाऱ्याचे निम्मे काम होईल.

तोवर मावळातल्या कुटुंबाने पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. सर्वांत जवळचे उन्हेरे: कामशेतहून लोणावळा, बोरघाट उतरून खोपोली, तिथून पालीचा रस्ता, आणि पालीला मुक्कामाची सोय. पाणी सोसवेल इतपत ऊन, म्हणून म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असतील तर तेच बरे. एक-दोन रात्री राहून स्नान करायचे असेल तर गणेशपुरी. दापोली-हर्णैच्या समुद्राला जोडून जायचे तर उन्हवरे, आणि गणपतीपुळ्याकडे किंवा गोव्याकडे निघालेल्यांना महामार्गालगतची आरवली आणि तुरळ. सुटीच्या आणि संकष्टीच्या दिवशी कुंडे माणसांनी भरतात. साध्या वारी पहाटे गेल्यास पाणी स्वच्छ मिळते. जून ते सप्टेंबरमध्ये नदीकाठचे काही झरे पुराखाली जातात, तर एप्रिल-मे महिन्यांत कोकणच्या घामात गरम पाणी नकोसे होते. खरा हंगाम दिवाळीनंतरचा, मार्गशीर्ष ते माघ. लोणावळ्याचा हंगाम पावसाचा, चार हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या सरींचा. म्हणून आंदर मावळातली जी घरे पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना खोल्या देतात, त्यांना डिसेंबर-जानेवारीत भात झोडून झाल्यावर सवड असते, आणि घाटाखालच्या कुंडांवर नेमके तेव्हाच जायचे असते.